आता झाडायला नको

पेणच्या डॉक्टरांनी माझं प्रेशर दोनदा मोजलं, कागदावर काहीतरी खरडलं आणि चष्म्यावरून बघत विचारलं, "दिवसभरात विरंगुळा काय असतो तुम्हाला?"

प्रश्न कळला नाही असं नव्हतं. मी आठवायला लागले, तेवढ्यात शेजारच्या खुर्चीवरून आमचे हे बोलून मोकळे झाले. "तिला कसला विरंगुळा, डॉक्टर. स्वयंपाक झाला की परस, परस झालं की अंगण. सदान्‌कदा हातात खराटा नाय तर कोयता."

"मग ते कमी करा," डॉक्टर म्हणाले. "काहीतरी छंद लावून घ्या. गाणी ऐका, विणकाम करा. डोकं शांत राहिलं पाहिजे."

आम्ही दोघांनीही मान हलवली. आमच्या गडब गावी रिक्षातून उतरेपर्यंत हे गप्प होते. ते गप्प असले की आत काहीतरी आखणी चाललेली असते, हे मला लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळलं होतं. घराचं कुलूप काढता काढता ते म्हणाले, "उद्यापासून परस माझं. तू घरातलं बघ आणि तो छंद काय तो घे."

मला बरं वाटलं. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यात ते विसरायला होतं. खरोखर बरं वाटलं.

हे नुकतेच रिटायर झाले होते. डोलवीला कंपनीत सगळी नोकरी शिफ्टवर गेली. फर्स्ट, सेकंड, नाईट. त्यांची शिफ्ट बदलली की आमच्या घराचं जेवणखाण, झोप, पाहुणे, सगळं बदलायचं. आता शिफ्टच नाही म्हटल्यावर ते पहिले काही दिवस घरात नुसते फिरायचे. पंख्याचे स्क्रू आवळले, नळाचे वायसर बदलले, मग माझ्या मसाल्याच्या डब्यांची उंचीप्रमाणे मांडणी केली. हळद सापडेना म्हणून मी पुन्हा होते तसे लावले. तेव्हा परसात त्यांचा जीव रमला तर दोघांचंही भलंच होतं.

आमचं घर हायवेपासून जरा आत आहे. पुढे अंगण, मागे परस, परसाच्या टोकाला कुंपणाची वई आणि वईपलीकडे दुसऱ्याचं भाताचं शेत. परसात दोन माड, थोड्या पोफळी, एक शेवगा आणि एक फणस. कपडे धुवायच्या दगडाचं पाणी जिथे वाहून जातं तिथे अळू. शेताकडच्या बाजूला मी दिवाळीनंतर थोडे वाल टोचते. फणसाची पानं बारा महिने गळतात, त्यात हायवेची धूळ. रोज सकाळी पातेरा काढल्याशिवाय चालत नाही. ह्या फणसाला मी जितक्या शिव्या दिल्या असतील तितक्या माणसाला दिल्या असत्या तर गावात कोणी आमच्याशी बोललं नसतं.

मुलगी ठाण्याला असते. तिला फोनवर डॉक्टरांचं सांगितलं तेव्हा ती खूशच झाली. "आई, तू लहानपणी क्रोशा करायचीस ना? तेच कर. मी पाठवते सगळं." पार्सल आलं. सहा रंगांचे दोरे, वेगवेगळ्या जाडीच्या सुया, एक छोटी कात्रीसुद्धा. मोबाईलवर व्हिडिओ पाठवले, ज्यात एक मुलगी फार हळू आवाजात बोलत होती आणि तिच्यामागे पांढरी भिंत होती. भिंतीवर एक डागही नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाकऱ्या झाल्यावर मी घरापुढच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसले. हे कंपनीचे जुने बूट घालून मागे गेले. मी साखळी घालायला सुरुवात केली. बोटांना आठवत होतं, मला आठवत नव्हतं, अशी गत.

समोरच्या वाटेने शेजारच्या काकी पाण्याची कळशी घेऊन चालल्या होत्या. मला बघून थांबल्या.

"बरं नाय काय गो?"

"बरी हाय की."

"मग बसलीस ती?"

"अशीच. विणतेय."

त्यांनी कळशी कमरेवर सारखी केली, माझ्याकडे नीट निरखून पाहिलं. "जप हो," असं म्हणून गेल्या. तासाभरात त्यांच्या सुनेने वाटीभर पेज आणून दिली. मी घेतली. काय सांगणार होते? दोन दिवसांत निम्म्या आळीला माहीत झालं की मला काहीतरी झालंय आणि आम्ही ते लपवतोय.

आणि मागून हाका सुरू झाल्या.

"अगो, खुरपं कुठं ठेवलंयस?"

"अगो, ही मिरची का तण?"

"अगो, जरा पाणी दे."

दर हाकेला मी दोरा मांडीवर ठेवून उठायचे. परत येऊन बसले की किती टाके, किती खांब झाले होते ते आठवायचं नाही. पुन्हा मोजायचे, पुन्हा हाक. टेबलावर घालायचा गोल रुमाल करत होते, तो कडेने वळत वळत होडीसारखा झाला. तिकडे स्वयंपाकही कमी झाला नव्हता. हे आता घरीच, म्हणून चहा तीनदा, मधल्या वेळेचं काहीतरी, शिवाय परसातून आलेल्या बुटांची माती ओटीपासून मोरीपर्यंत. सगळं आवरून खुर्चीवर बसायचं म्हणजे आणखी एक काम उरकायचं असं वाटायचं. विरंगुळा अजून राहिलाय, तो करून घेऊ आणि मग संध्याकाळच्या भाजीला लागू.

हे मात्र रंगले होते. त्यांनी दोरी ताणून सरळ रेषेत वाफे केले. करवंदीची जाळी तोडली, कारण ती वाकडी वाढली होती. भर उन्हात ते मिरचीच्या रोपांना पाणी घालायचे, ती करपणार हे मला खिडकीतून दिसायचं. सांगायला गेले तर म्हणायचे, "तू डोकं शांत ठेव." मी परत येऊन डोकं शांत ठेवायचा प्रयत्न करायचे. ते कसं ठेवतात हे मला अजून कळलेलं नाही.

एकदा दुपारी ते झोपले होते. घर गप्प होतं. मी सुई हातात घेतली, ठेवली, आणि कधी उठून मागे गेले ते माझं मलाच कळलं नाही. फणसाखाली पानांचा थर पडला होता. खराट्याचा आवाज होईल म्हणून मी ओणवी होऊन हाताने पानं गोळा करायला लागले. एकेक पान उचलायचं, पदरात टाकायचं. फार छान वाटत होतं. पदर भरत आला तेवढ्यात मागून आवाज आला.

"डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

मी दचकून उभी राहिले आणि पदर सुटला. सगळी पानं पुन्हा खाली. हे बनियनवर दारात उभे, मी समोर हात झटकत. कुणाच्या बागेत आंबे चोरताना सापडावं तसं झालं.

"नुसती आले होते," मी म्हटलं.

"मग पानं?"

"पडली होती."

ते हसले नाहीत. उलट गंभीर झाले. त्यांच्या चेहऱ्यावरून मला तेव्हा वाटलं की हे रागावलेत. ते रागावलेले नव्हते, काहीतरी ठरवत होते. ते मला नंतर कळलं.

त्याच सुमारास रोह्याहून ताईचा फोन आला. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं आणि भाचा कामावर जाणार, म्हणून सोबतीला कोणीतरी हवं होतं. माझं माहेर रोह्याचं. जुनं घर आता नाही, तिथे बिल्डिंग उभी आहे आणि ताई तिच्यात दुसऱ्या मजल्यावर राहते. मी पिशवीत दोन साड्या टाकल्या. दोरे न्यावे की न न्यावे असं झालं. शेवटी नेले, नाहीतर मुलीने विचारलं असतं.

रोह्याला गंमत झाली. ताईच्या घरात दोन खोल्या, पांढऱ्या फरश्या. केर काढायला पाच मिनिटं पुरतात. खिडकीबाहेर दुसऱ्या बिल्डिंगची खिडकी. ताई काळा चष्मा लावून पलंगावर बसलेली, मी तिच्या पायाशी. बोलता बोलता सुई चालायची. होडी उसवून टाकली आणि नवा रुमाल घेतला. हा सपाट झाला, कडेला शिंपल्यांची नक्षी आली, तीही सारखी. दोन दिवसांत एक झाला. मी दुसरा घेतला.

"काय करतेयस?" ताईने विचारलं. तिला नीट दिसत नव्हतं, पण हात हलतोय ते समजत होतं.

"क्रोशा."

"अगो, तुला अजून येतो?" मग म्हणाली, "त्या इस्रायली बाई आठवतात तुला?"

आठवतात म्हणजे काय! आमच्या आळीच्या तोंडाशी घर होतं त्यांचं, पिढ्यान्‌पिढ्या कोकणात राहिलेल्या ज्यूंपैकी. नेसणं आमच्यासारखं, बोलणं आमच्यासारखं, नारळ घालून केलेल्या माशाच्या कालवणाचा वाससुद्धा आमच्यासारखा. फक्त शनिवारी त्यांच्या घरी चूल पेटायची नाही. क्रोशा मला त्यांनी शिकवला. शाळा सुटली की मी त्यांच्या ओटीवर जाऊन बसायचे. एकदा शनिवारी सकाळची शाळा लवकर सुटली म्हणून धावत गेले आणि सुई पुढे केली. त्या म्हणाल्या, "आज नाय गो. आज काम करायचं नाय."

"पण हे कुठं काम हाय? ही तर मजा."

"मजा तुझी. बोटं काम करतात ना?"

"मग तुम्ही आज करता काय?"

"बसते."

आणि त्या खरोखर बसल्या होत्या. हात मांडीवर ठेवून, वाटेकडे बघत. मी पण थोडा वेळ बसले. मला ते जमेना, मी घरी पळाले. पुढे त्यांचा मुलगा त्यांना परदेशी घेऊन गेला, तेव्हा सगळी आळी एसटीपर्यंत पोचवायला गेली होती.

ताईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "खरंय त्यांचं. कामच ते."

"मग डॉक्टर विरंगुळा म्हणून का सांगतात?"

"डॉक्टरांनी कधी विणलंय का?" असं म्हणून ताई हसायला लागली, आणि हसून डोळ्याला पाणी येईल म्हणून मी तिला गप्प केलं.

पण माझ्या डोक्यात ते राहिलं. रोह्यात सुई चालते आणि गडबला चालत नाही, असं का? इथे परस नाही म्हणून मन सुईत राहतं? की इथे कोणी "अगो" म्हणून हाक मारत नाही म्हणून? आणि इतकं चांगलं चाललंय तर मग सकाळी जाग आल्याबरोबर फणसाखाली किती पानं पडली असतील हेच पहिल्यांदा डोक्यात का येतं? दुसऱ्या मजल्यावर झोपून मी शेवग्याचा मोहोर गळला असेल का याची काळजी करत होते. ज्या कामाचा मला जन्मभर वैताग, त्याची आठवण यावी हे काही बरोबर नव्हतं. प्रेशरच्या गोळीने असं होतं का, हेही मी भाच्याला विचारून पाहिलं. तो म्हणाला, "मावशी, गोळीवर असं काही लिहिलेलं नसतं."

ताईचा काळा चष्मा निघाला, तिला दिसायला लागलं, आणि मी घरी परतले. हे रिक्षा स्टँडवर न्यायला आले होते. तेही नवलच. पिशवी माझ्या हातातून घेतली आणि वाटभर उगाच हसत होते. घरात न शिरता मला बाजूने थेट मागे नेलं.

परस लाल झालं होतं. दगडापासून फणसापर्यंत, फणसापासून पार वालाच्या वाफ्यापर्यंत पेव्हर ब्लॉक. लाल आणि करडे, एकाआड एक. माडांभोवती गोल सोडलेलं होतं आणि त्याला सिमेंटची कड. पाणी जायला पन्हळ. इतकं नीट, इतकं सरळ, की एखाद्या बँकेचं आवार वाटावं.

"आता झाडायला नको," हे म्हणाले. "पाईप लावायचा, धुवून टाकायचं. मी करीन ते. तुला हात लावायला नको. कसं झालंय?"

त्यांचे हात सिमेंटने फुटले होते. गवंड्याबरोबर त्यांनीही ब्लॉक बसवले होते, हे बघूनच कळत होतं. मी म्हटलं, "छान झालंय."

"चिखल नाय, माती नाय."

"अळू?" मी विचारलं.

"तिथंच तर सगळा चिखल व्हायचा," ते उत्साहाने म्हणाले. "आधी तेच काढलं."

मी चपला काढून ब्लॉकवर उभी राहिले. ऊन पिऊन ते तापले होते. फणसाचं एक पान पडलं तेव्हा टक् असा आवाज झाला. पूर्वी पान पडलेलं ऐकू यायचं नाही. मला रडू येतंय की काय असं वाटलं आणि मग वाटलं की रडण्यासारखं काय आहे यात? नवऱ्याने आपल्यासाठी एवढं केलं तर बाईने नाचायला हवं. मी आत जाऊन चहा टाकला. साखर दोनदा घातली.

मुलीला फोटो आधीच गेले होते. तिचा फोन आला. "आई, बाबांनी कसलं भारी केलंय! तू खूश ना?"

"हो."

"मग आवाज असा का?"

मी मोरीत जाऊन दार लोटलं आणि हळूच म्हटलं, "मला ते आवडलं नाय गो."

"का?"

"माहीत नाय."

"पण तूच म्हणायचीस ना, ह्या परसाने माझा जीव खाल्ला? मी लहान असल्यापासून ऐकतेय."

"म्हणायची खरी."

"मग खोटं होतं का ते?"

"खोटं नाय. खरंच जीव खायचं ते." लग्न होऊन आले तेव्हा घरात सासू, सासरे, दीर, जावा, हीऽऽ माणसं. सकाळी खराटा घेऊन मागे गेलं की कोणी काही म्हणायचं नाही. बसलेल्या सुनेला दहा हाका, झाडणाऱ्या सुनेला एकही नाही. मी मुद्दाम हळू झाडायचे. फणसाखालून वईपर्यंत जायला मला फार वेळ लागायचा आणि तेवढ्यात डोक्यात काय काय येऊन जायचं. माहेर, सिनेमातलं एखादं गाणं, काहीही. मग आत येऊन म्हणायचे, "कंबर गेली बाई." कंबर जायचीही. दोन्ही खरं होतं. पण हे मुलीला मोरीतून फोनवर कसं सांगायचं? मी म्हटलं, "जाऊ दे. रुमाल पूर्ण झाला, फोटो पाठवते."

पुढचे काही दिवस मी ब्लॉकवरून चालत होते तेही पाहुणीसारखं. हे सकाळी पाईप लावायचे. पाच-दहा मिनिटांत परस धुवून व्हायचं. मग त्यांना काही कामच उरायचं नाही. ते माझ्या समोर खुर्ची टाकून बसायचे. मी विणायचे, ते बघायचे. मध्येच विचारायचे, "आता किती राहिलं?" जणू रुमाल संपला की दोघांना कुठे जायचं होतं.

एका सकाळी मी सुई खाली ठेवली आणि म्हटलं, "अहो, एक सांगू? रागवाल."

"सांग."

"मला परस परत पाहिजे."

"परस कुठं गेलंय? मागंच हाय."

"तसं नाय. मला झाडायचंय. माती पाहिजे."

"तुला झाडायचंय?" त्यांच्या कपाळावर आठ्या आल्या, पण रागाच्या नव्हत्या. गणित चुकल्यावर येतात तशा. "मग इतकी वर्षं करकर कशाची होती?"

"ती झाडण्याचीच होती."

"मग?"

"मला नाय सांगता येत."

"त्या दिवशी पानं उचलत होतीस, मला वाटलं हिला सवयच लागलीय, सुटत नाय. सुटायला पाहिजे म्हणून ब्लॉक टाकले."

"तुम्ही चांगलंच केलंत."

"चांगलं केलं आणि तुला नको." ते उठले, दारापर्यंत गेले, परत आले. मग खुर्चीच्या पाठीला धरून म्हणाले, "मला तरी कुठं आवडतं गो मातीत? रोपं मरतात माझ्या हातून. पण घरात बसून काय करू? कंपनीत भोंगा झाला की कळायचं, आता काय करायचं ते. इथं कळतच नाय."

इतकं त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. मला वाटलं होतं, परसात ते रमलेत. त्यांना वाटलं होतं, मी विणण्यात रमलेय. दोघंही एकमेकांचं मन राखायला नको ती कामं करत होतो, आणि डॉक्टर पेणला निवांत बसले होते.

"मग आपण काय करायचं?" मी विचारलं.

"तूच सांग."

"मला काय माहीत?"

शेवटी ठरलं असं काही नाही. दुसऱ्या दिवशी हे पहार घेऊन मागे गेले आणि दगडाजवळचे आणि फणसाखालचे ब्लॉक उचकटायला लागले. मी म्हटलं, सगळे काढू नका, कपडे वाळत घालताना पाय स्वच्छ राहतो, तेवढं बरं आहे. त्यांनी पहार थांबवली आणि माझ्याकडे असं पाहिलं की मला हसू आलं. मग अर्धे काढले, अर्धे राहिले. खालची माती दाबून दाबून दगडासारखी झाली होती. ती मोकळी करायला दोघांनाही पुष्कळ वेळ लागला. ह्यांनी कुदळ मारली, मी ढेकळं फोडली. कुणी कुणाला डोकं शांत ठेव म्हटलं नाही.

आता सकाळी फणसाखालचं मी झाडते. पुढचं अंगण ते बघतात, तिथे त्यांनी सरळ रेषेत कुंड्या मांडल्यात. भाजी ते चिरून देतात, फार बारीक, शिजल्यावर दिसत नाही इतकी. विणणं चालू आहे, पण नेमून दिलेल्या वेळेला नाही. कधी डाळ शिजेपर्यंत, कधी पेणच्या रिक्षात. प्रेशर मागच्या वेळी होतं तेवढंच आहे. डॉक्टरांनी विचारलं, "छंद लागला का काही?" ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी ह्यांच्याकडे. "थोडा थोडा," मी म्हटलं, आणि कशाबद्दल बोलतेय ते माझं मलाच नक्की ठाऊक नव्हतं.

उचकटलेले ब्लॉक वईला टेकवून रचून ठेवलेत. ह्यांचं म्हणणं, त्यांचा एक छोटा ओटा करू, बसायला होईल. माझं म्हणणं, ज्याला हवे त्याला देऊन टाकू.

"पण ओट्यावर तू विणायला बसशील," ते म्हणाले.

"मागं गेल्यावर मी झाडते. विणत नाय."

"मग मी बसेन."

"बसून काय कराल?"

त्यांनी थोडा विचार केला. "ते बघू," म्हणाले, आणि ब्लॉकवर साचलेली धूळ हाताने पुसायला लागले.